व्हायरसवर तारीख नसते!

जेनिटल वॉर्ट्स, म्हणजे 'तिकडे' आलेल्या चामखिळी. त्या सहसा जिवावर बेतत नाहीत, पण नात्यावर बेतू शकतात. म्हणूनच कुजबुज बाजूला ठेवून यावर एकदा मोकळेपणाने बोलूया...

रविवारची निवांत आंघोळ चाललीये. साबण लावताना बोटाला काहीतरी खरखरीत लागतं. तांदळाच्या दाण्याएवढं. दुखत नाही, फारसं खाजतही नाही. 'असेल एखादी पुळी' म्हणून सोडून दिलं जातं. पंधरा दिवसांनी पाहावं तर एकाचे तीन झालेले! मग बाथरूमचं दार लावून मोबाइलच्या टॉर्चमध्ये तपासणी, रात्री पांघरुणात गुगल सर्च आणि स्क्रीनवर मेडिकलच्या पुस्तकातले एकेक भयानक फोटो. झोप उडालीच म्हणून समजा.

सर्च हिस्टरी डिलीट करता येते, टेन्शन डिलीट होत नाही. विचारायचं कुणाला? ऑफिसातल्या लंच टेबलवर आपण होमलोनपासून हेअर ट्रान्सप्लांटपर्यंत सगळ्यावर बोलतो. पाठ धरली म्हटलं की चार जण चार डॉक्टरांचे नंबर देतात. पण 'तिकडे' काहीतरी आलंय हे सांगणार कसं? मग कुणी भिंतीवरच्या जाहिरातीतला नंबर फिरवतं, कुणी कोपऱ्यावरच्या केमिस्टकडून काहीबाही आणून लावतं, कुणी सहा महिने नुसतं बघत बसतं. आणि ज्यांना जोडीदार आहे त्यांच्या घरात एक प्रश्न येऊन ठाण मांडतो : "हे आणलंस कुठून?"

त्या प्रश्नाचा समाचार घेऊच. आधी या पाहुण्याची ओळख करून घेऊ.

हा पाहुणा आहे तरी कोण?

या चामखिळी होतात ह्युमन पॅपिलोमा व्हायरसमुळे, म्हणजेच एचपीव्हीमुळे. एचपीव्ही म्हणजे एकटादुकटा व्हायरस नव्हे, मोठं खटलंच आहे! दोनशेहून जास्त भावंडं आणि प्रत्येकाला एकेक नंबर. काही जण हाताच्या बोटांवर चामखिळी आणतात, काही तळपायावर. साधारण चाळीस जणांना मात्र जननेंद्रियांच्या आसपासची त्वचाच आवडते. त्यातले नंबर ६ आणि नंबर ११ हे दोघं जेनिटल वॉर्ट्सच्या दहापैकी सुमारे नऊ केसेसना जबाबदार असतात. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी बदनाम असलेले नंबर १६ आणि १८ ही घराण्याची दुसरी शाखा. तिच्याबद्दल पुढे बोलू.

गंमत म्हणजे या दोन शाखांची गोष्ट एकाच प्रयोगशाळेत उलगडली. जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाऊजेन गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमागचा व्हायरस शोधत होते. त्यांच्या टीमच्या हाती १९८० च्या सुमारास आधी लागला तो जेनिटल वॉर्टमधला नंबर ६. तो धागा धरून पुढे जाताना १९८३ मध्ये नंबर १६ सापडला आणि पाठोपाठ १८. या कामासाठी २००८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. ज्या चामखिळीचं नाव घ्यायला आपण लाजतो, तिने एका कॅन्सरचं कोडं सोडवायला मदत केली आहे!

दिसतात कशा? कधी त्वचेच्याच रंगाच्या, कधी गुलाबी, तर आपल्याकडच्या गव्हाळ-सावळ्या त्वचेवर जरा काळपट. काही चपट्या, काही टोकदार, काही एकमेकींना चिकटून फ्लॉवरच्या गड्ड्यासारख्या. पुरुषांमध्ये शिश्नावर, पुढच्या कातडीखाली किंवा अंडकोषाच्या पिशवीवर. स्त्रियांमध्ये योनीच्या तोंडाशी, आत किंवा गर्भाशयमुखावर. दोघांमध्येही जांघेत आणि गुदद्वाराभोवती येऊ शकतात. (गुदद्वाराशी आल्या म्हणजे तसा संबंध झालाच असला पाहिजे असं नाही, हेही लगेच सांगून टाकतो.) बहुतेकांना काही दुखत-खुपत नाही. काहींना खाज, ओलसरपणा किंवा घासलं गेल्यावर थोडं रक्त, एवढंच.

प्रत्येक दाणा वॉर्ट नसतो

टॉर्चवाल्या तपासणीचा मोठा प्रॉब्लेम असा, की नॉर्मल गोष्टीही भयानक वाटू लागतात. शिश्नाच्या बोंडाच्या कडेने एका रांगेत मोत्यांसारखे बारीक दाणे असतील, तर ती अनेक पुरुषांमधली नैसर्गिक रचना आहे. स्त्रियांच्या योनीच्या आतल्या ओठांवरही असेच मऊ, बारीक उंचवटे असू शकतात. पिवळसर ठिपके बऱ्याचदा साध्या तेलग्रंथी असतात. यापैकी कशालाच औषध लागत नाही.

उलट काही गोष्टी वॉर्टसारख्या दिसतात, पण निघतात भलत्याच. मधोमध खळगा असलेले गुळगुळीत दाणे मॉलस्कम नावाच्या वेगळ्याच व्हायरसचे असतात. आणि सिफिलिसच्या दुसऱ्या टप्प्यात येणारे चपटे, ओलसर उंचवटे तर वॉर्ट्सची हुबेहूब नक्कल करतात. सिफिलिस पेनिसिलिनने बरा होतो, पण लक्षच दिलं नाही तर वर्षानुवर्षं शरीर पोखरतो. म्हणून फोटो बघून मित्राने केलेलं निदान आणि गुगलने केलेलं निदान, दोन्ही सारखंच धोक्याचं. डॉक्टरांनी डोळ्यांनी पाहायलाच हवं.

"हे आणलंस कुठून?"

आता त्या प्रश्नाकडे. समजा, एक नवरा-बायको आहेत. लग्नाला दीड वर्ष झालंय. तो हिंजवडीत आयटीत, ती बँकेत. एक दिवस तिला वॉर्ट्स दिसतात. ती लेडी डॉक्टरकडे जाते. डॉक्टर सांगतात, हा लैंगिक संबंधातून पसरणारा व्हायरस आहे. त्या रात्री घरात काय होत असेल, कल्पना करा. तिला वाटतं, याने बाहेर काहीतरी केलंय. त्याला वाटतं, आलंय तर हिला, मग मला कसला जाब विचारते? दोघांच्याही घरी कळलं तर प्रकरण माहेर-सासरच्या बैठकीपर्यंत जायला वेळ लागत नाही.

आता व्हायरसचा हिशेब बघा. एचपीव्ही पसरतो त्वचा त्वचेला घासून. त्यासाठी पूर्ण संबंधच यायला हवा असंही नाही. शिरकाव झाल्यावर चामखीळ दिसायला साधारण दोन-तीन महिने लागतात. कधी काही आठवडेच, कधी वर्ष, तर कधी काही वर्षंही! आणि ज्यांना लागण होते त्यातल्या बहुतेकांना चामखीळ कधी येतच नाही. दहापैकी नऊ जणांच्या शरीराची प्रतिकारशक्ती दोन वर्षांच्या आत व्हायरसला गप्प बसवते. पण त्या काळात, काहीही दिसत नसताना, तो दुसऱ्याकडे जाऊ शकतो.

म्हणजे आपल्या जोडप्यात काय काय झालेलं असू शकतं? कदाचित कॉलेजच्या दिवसांतल्या नात्यातून त्याच्याकडे व्हायरस आला, त्याला कधी काही दिसलंच नाही आणि लग्नानंतर तो तिच्याकडे गेला. कदाचित तिच्याच जुन्या नात्यातला व्हायरस इतके दिवस झोपून होता आणि आत्ता जागा झाला. एखादी ताजी भानगड हीसुद्धा अर्थात एक शक्यता आहे. पण यातली खरी कुठली, हे चामखिळीकडे बघून जगातला कुठलाही डॉक्टर सांगू शकत नाही. कुठली लॅबही सांगू शकत नाही. व्हायरसवर तारीख नसते आणि पाठवणाऱ्याचा पत्ताही नसतो.

आपल्याकडे आणखी एक गोची होते. पाळी, गर्भारपण, पांढरं जाणं अशा कारणांनी बायका डॉक्टरकडे जातात, तपासल्या जातात. पुरुष सहसा जात नाहीत. त्यामुळे बऱ्याचदा आधी तिचं निदान होतं आणि ज्याचं निदान आधी, त्याच्यावर आळही आधी. आधी दिसणं आणि आधी लागण होणं या पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत, एवढं जरी दोघांनी लक्षात ठेवलं तरी अर्धी भांडणं मिटतील.

आणि हे काही 'तसल्या' लोकांचंच दुखणं नाही बरं का. लैंगिक आयुष्य सुरू झालेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी एचपीव्हीच्या एखाद्या प्रकाराची लागण होतेच. त्यासाठी दहा पार्टनर लागत नाहीत, एक पुरतो. तुमचा एकच आणि त्याच्या आयुष्यात आधी कुणी एकच, एवढीही साखळी पुरेशी आहे.

या भांडणातून सुटायला काही जण ऑफिसच्या टॉयलेट सीटवर खापर फोडतात. पण सीट बिचारी निर्दोष आहे. टॉयलेट सीट, स्विमिंग पूल, एकत्र जेवण, मिठी मारणं यातून हा व्हायरस येत नाही. खोटी गोष्ट रचण्यापेक्षा खरी गोष्ट सांगणं सोपं आहे, कारण खऱ्या गोष्टीत कुणी गुन्हेगार असावाच लागत नाही.

डॉक्टर नेमका कुठला?

लोकल ट्रेनने फिरणाऱ्यांना ट्रॅकशेजारच्या भिंती पाठ असतात. 'गुप्तरोग, शर्तिया इलाज, भेटा अमुक वाजता...' मित्रांनो, १९५४ च्या ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायद्यानुसार गुप्तरोग बरे करण्याच्या औषधांची अशी जाहिरात करणंच बेकायदा आहे. जो जाहिरातीतच कायदा मोडतो, त्याच्या हाती आपला नाजूक भाग द्यायचा का, हे तुम्हीच ठरवा.

खरा डॉक्टर तुमच्या ओळखीचाच असतो. ज्याच्याकडे आपण पिंपल्स आणि केस गळतीसाठी जातो, तोच! भारतात त्वचारोग आणि गुप्तरोग ही एकच स्पेशालिटी आहे. पाटीवर 'स्किन अँड व्हीडी' लिहिलेलं असतं, त्यातलं 'व्हीडी' म्हणजे हेच. त्यामुळे वेटिंग रूममध्ये कुणी पाहिलंच, तर तुम्ही कोंड्यासाठी आला आहात की आणखी कशासाठी, हे कुणाला कळणार? स्त्रिया अर्थातच गायनॅककडेही जाऊ शकतात. खिशाला परवडत नसेल तर मोठ्या सरकारी रुग्णालयांत त्वचा व गुप्तरोग विभाग असतो आणि लैंगिक आजारांसाठी 'सुरक्षा क्लिनिक'ही असतात. कुठे जायचं कळत नसेल तर १०९७ या राष्ट्रीय एड्स हेल्पलाइनवर फोन करा. तो टोल फ्री आहे.

तिथे होतं काय? डॉक्टर नीट प्रकाशात बघतात. बहुतेक वेळा तेवढ्यावरच निदान होतं. दाणा काळा, कडक, रक्त येणारा किंवा औषधाला दाद न देणारा असेल, तर छोटा तुकडा काढून तपासायला पाठवतात. सोबत सिफिलिस, एचआयव्ही, हिपॅटायटिस बी यांच्या रक्ततपासण्या सांगतात. त्याने घाबरू नका. एका लैंगिक आजारासोबत दुसरा नाही ना, याची ती खात्री असते.

अविवाहित मुलींना क्लिनिकमध्ये एक प्रश्न हमखास येतो : "लग्न झालंय का?" डॉक्टरांना विचारायचं असतं वेगळंच, पण ते असं विचारतात. उत्तर सरळ द्या : "लग्न झालेलं नाही, पण संबंध आले आहेत." डॉक्टर पुरुष असेल तर तपासणीच्या वेळी स्त्री मदतनीस खोलीत हवी, असं सांगायला अजिबात संकोच करू नका. पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांनीही ते डॉक्टरांना सांगावं, म्हणजे गुदद्वाराच्या आतही तपासणी होईल. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्येच ३७७ कलमाची भीती दूर केली आहे. तिथे जज करणारा डॉक्टर भेटला, तर डॉक्टर बदला. ट्रीटमेंट सोडू नका.

ट्रीटमेंटचा मेन्यू

आधी एक सत्य पचवून घ्या. औषधं चामखीळ घालवतात, व्हायरसला मारणारं औषध अजून नाही. व्हायरसचं काम शरीर स्वतःच करतं. म्हणून काही वेळा डॉक्टर 'थोडं थांबू' असंही म्हणतात, कारण काही वॉर्ट्स आपोआप जातात. काही मात्र तशाच राहतात आणि काही वाढतात. पर्याय असे :

घरी लावायची औषधं. इमिक्विमॉड नावाचं क्रीम त्या जागेवरची प्रतिकारशक्ती जागी करतं. पाच टक्क्यांचं क्रीम साधारण आठवड्यातून तीनदा झोपताना लावायचं, सहा ते दहा तासांनी धुवायचं, असं जास्तीत जास्त सोळा आठवडे. लाली येते, जळजळ होते. ते लावलेलं असताना संबंध टाळा, कारण या क्रीमने कंडोम कमजोर होऊ शकतो. दुसरं औषध पोडोफायलोटॉक्सिन. तीन दिवस लावायचं, चार दिवस सुट्टी, असे काही आठवडे. हे मूळचं पोडोफायलम या वनस्पतीतून येतं आणि तिची एक जात आपल्या हिमालयात उगवते. दोन्ही औषधं डॉक्टरांनी जागा दाखवून दिल्यावरच लावायची, आणि गर्भारपणात पोडोफायलम तर अजिबात नाही.

क्लिनिकमध्ये गोठवणं. उणे १९६ डिग्रीचा लिक्विड नायट्रोजन चामखिळीवर मारतात. चटका बसल्यासारखं वाटतं, फोड येतो, खपली पडते. दर एक ते तीन आठवड्यांनी काही सिटिंग्ज लागतात.

अॅसिडने जाळणं. ट्रायक्लोरोॲसेटिक ॲसिडचा थेंब डॉक्टर स्वतः लावतात. गर्भवतींमध्येही हे आणि गोठवणं चालतं.

कॉटरी, लेसर किंवा कापून काढणं. वॉर्ट्स मोठ्या किंवा खूप असतील तर जागा बधिर करून एकाच वेळी काढता येतात. ऑफिसला मात्र दोन-चार दिवस सैल कपडे घालून जायची तयारी ठेवा.

यातलं कुठलंच सगळ्यांसाठी 'बेस्ट' नाही. चामखीळ कुठे आहे, किती आहे, बजेट किती, वारंवार येता येणार का, यावर निवड ठरते. आणि हो, त्या परत येऊ शकतात. परत यायच्या तर बहुधा पहिल्या तीन महिन्यांत येतात. तेव्हा 'ट्रीटमेंट फेल गेली', 'हिने परत काहीतरी केलं' असे निष्कर्ष नकोत. तोच जुना व्हायरस पुन्हा डोकावतोय, एवढंच. बहुतेकांच्या बाबतीत तो शेवटी कंटाळून गप्प बसतो.

हे मात्र करू नका!

• चुना लावणं, रुईचा चीक लावणं, केसाने किंवा दोऱ्याने चामखीळ बांधणं. आजीच्या काळात हातावरच्या चामखिळीला हे चालून गेलं असेल. इथे जखम, व्रण आणि इन्फेक्शन नक्की.
• पायाच्या कुरुपासाठी मिळणारं सॅलिसिलिक ॲसिडचं औषध किंवा कॉर्न कॅप इथे वापरणं. ही त्वचा फार नाजूक असते.
• नखाने किंवा नेलकटरने काढायचा प्रयत्न.
• वॉर्ट्स असताना त्या भागात रेझर फिरवणं किंवा वॅक्सिंग करणं. बारीक जखमांमधून त्या शेजारी पसरतात. पार्लरची अपॉइंटमेंट पुढे ढकला.
• केमिस्टने दिलेल्या 'ऑल इन वन' स्किन क्रीमवर भरवसा. त्यात स्टेरॉइड असेल तर उलट वाढ होऊ शकते.

याचा कॅन्सर होतो का?

सगळ्यात मोठी भीती हीच. उत्तर : ६ आणि ११ नंबरच्या वॉर्ट्सचा सहसा कॅन्सर होत नाही. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या दहापैकी सुमारे सात केसेसना १६ आणि १८ जबाबदार असतात आणि ते चामखीळ आणत नाहीत. तेच तर अवघड, कारण ते काहीच दाखवत नाहीत. एकाच व्यक्तीला दोन्ही शाखांची लागण असू शकते. म्हणून वॉर्ट्स आलेल्या असोत वा नसोत, स्त्रियांनी डॉक्टर सांगतील तशी गर्भाशयमुखाची तपासणी करत राहावी. पॅप टेस्ट किंवा एचपीव्ही टेस्ट हे पर्याय आहेतच, पण साधी व्हिनेगरसारख्या द्रावणाची तपासणीही उपयोगी पडते. मुंबईच्या टाटा हॉस्पिटलने वस्त्यांमधल्या सुमारे दीड लाख स्त्रियांवर अभ्यास करून २०१३ मध्ये जाहीर केलं, की या तपासणीमुळे गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. आपल्या सरकारी आरोग्यसेवेत तिशीपुढच्या स्त्रियांसाठी हीच तपासणी आहे. आईला आणि सासूबाईंनाही घेऊन जा!

आणि बाळाचं काय? गर्भारपणात वॉर्ट्स वाढू शकतात, पण तेवढ्यावरून सिझेरियन लागत नाही. बाळाची वाट अडेल एवढ्या मोठ्या असतील तरच तो विचार होतो. बाळाच्या घशात हा व्हायरस जाण्याचा प्रकार फार दुर्मीळ आहे. मूल व्हायला मात्र वॉर्ट्समुळे अडचण येत नाही.

लस : ऑस्ट्रेलियाने करून दाखवलं, पुण्यात बनतेय

आता खरी गुड न्यूज. १९९१ मध्ये ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनच्या क्वीन्सलँड विद्यापीठात इयान फ्रेझर आणि जिआन झोऊ या दोघांनी व्हायरसचं नुसतं बाहेरचं कवच प्रयोगशाळेत तयार केलं. आत व्हायरसचा माल काहीच नाही, त्यामुळे लागण होण्याची भीती नाही. पण शरीराला शत्रूचा चेहरा ओळखायला ते कवच पुरेसं! त्यातून पुढे लस बनली. अमेरिकेत ती २००६ मध्ये मंजूर झाली. जिआन झोऊ मात्र ते पाहायला नव्हते, १९९९ मध्येच ते गेले.

ऑस्ट्रेलियाने २००७ मध्ये मुलींना सरकारी खर्चाने ६, ११, १६, १८ या चारही नंबरांविरुद्धची लस द्यायला सुरुवात केली. पुढे काय झालं बघा. तिथल्या लैंगिक आरोग्य केंद्रांत पहिल्यांदा आलेल्या २१ वर्षांखालच्या मुलींमध्ये २००७ साली ११.५ टक्के जणींना वॉर्ट्स होत्या. २०११ मध्ये हे प्रमाण उरलं ०.८५ टक्के! आणि त्याच वयाच्या, स्त्रियांशीच संबंध असलेल्या मुलांमध्ये ते १२.१ वरून २.२ टक्क्यांवर आलं. मुलांना तेव्हा लसीकरणात घेतलंही नव्हतं. मुली सुरक्षित झाल्या म्हणून मुलं वाचली. मुलांचा समावेश पुढे २०१३ मध्ये झाला.

आणि आपल्याकडे? पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची 'सर्व्हावॅक' ही भारतीय लस २०२२ मध्ये मंजूर झाली आणि जानेवारी २०२३ मध्ये बाजारात आली. तीही याच चार नंबरांविरुद्ध आहे. ९ ते २६ वयोगटातल्या मुली आणि मुलगे, दोघांसाठी! १४ वर्षांपर्यंत सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस, १५ च्या पुढे सहा महिन्यांत तीन डोस. नऊ प्रकारांविरुद्धची परदेशी लसही भारतात मिळते. काही लशींमध्ये फक्त १६ आणि १८ असतात, त्या वॉर्ट्स रोखत नाहीत. म्हणून टोचून घेण्याआधी 'यात ६ आणि ११ आहेत ना?' एवढं विचारा.

लस सगळ्यात छान काम करते ती लैंगिक आयुष्य सुरू होण्याआधी. आधीच झालेली लागण किंवा आलेली चामखीळ ती घालवत नाही. पण वॉर्ट्स येऊन गेल्या असल्या तरी बाकीच्या प्रकारांपासून संरक्षण मिळू शकतं, तेव्हा डॉक्टरांशी बोला. सव्विशी ओलांडली असेल तर फायदा कमी, पण विचारायला हरकत नाही. घरात भाची-पुतण्या नऊ-दहा वर्षांचे असतील तर दादा-वहिनींच्या कानावर नक्की घाला.

बाकी बचाव म्हणजे कंडोम. तो धोका कमी करतो, शून्य करत नाही, कारण व्हायरस कंडोमने न झाकलेल्या त्वचेवरही असतो. तरी एचआयव्हीसह बाकीचे आजार आणि नको असलेली प्रेग्नन्सी टाळायला तो हवाच. वॉर्ट्स दिसत असताना संबंध टाळलेले बरे. सिगारेट सोडता आली तर प्रतिकारशक्ती दुवा देईल.

सांगायचं कसं?

ट्रीटमेंटपेक्षा हेच अवघड. मेसेज करून नको, भांडणात नको आणि बेडरूममध्ये तर नकोच. आधी डॉक्टरांना भेटा, पक्कं निदान करा, मग शांत वेळ बघून बोला. शब्द हवेत? हे घ्या : "मला जेनिटल वॉर्ट्स झाल्यात. एचपीव्ही नावाच्या खूप कॉमन व्हायरसमुळे होतात. माझ्याकडे कधी आला ते कळायला काहीच मार्ग नाही, तुझ्याकडून की माझ्याकडून तेही नाही. मी ट्रीटमेंट सुरू केलीये. तू पण एकदा दाखवून घे, आपण सोबत जाऊ."

आणि ऐकणारे तुम्ही असाल तर? पहिला प्रश्न 'कुणाकडून?' हा नको. 'दुखतंय का?' हा असू दे. विश्वासाबद्दल खरोखरच काही शंका असेल तर ती जरूर बोला, पण स्वतंत्रपणे. चामखिळीला साक्षीदार म्हणून उभं करू नका, तिला काहीच माहीत नसतं.

लग्न ठरलंय आणि आधी वॉर्ट्स येऊन गेल्यात? होणाऱ्या जोडीदाराला सांगणं आणि दोघांनी मिळून लशीबद्दल डॉक्टरांना विचारणं, हे केळवणांच्या गडबडीतही अर्ध्या तासाचं काम आहे.

तर बॉस, टॉर्च बंद करा. पुढच्या आठवड्यात अर्धा दिवस सुट्टी टाका आणि अपॉइंटमेंट घ्या. मॅनेजरने कारण विचारलंच तर 'स्किनचं जरा काम आहे' म्हणा. ते काही खोटं नाही!